पहाटे तीनचं दुखणं

माझ्याकडे एक वही होती. खुब्याचा सांधा बदललेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला भेटायचं, 'शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?' असं विचारायचं आणि आकडा वहीत टिपायचा. शेजारच्या रकान्यात मी दिलेली पद्धत: नुसतं स्पायनल, स्पायनलमध्ये मॉर्फिन, एपिड्युरल, फिमोरल ब्लॉक, फॅशिया इलियाका. विदर्भात फ्रीलान्स भूलतज्ज्ञ म्हणून एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात पळणाऱ्या मला वाटायचं, हे आपलं छोटंसं संशोधन. पुढे मी त्या आकड्यांच्या सरासऱ्या काढल्या, एपिड्युरलला पहिला नंबर दिला आणि भूलतज्ज्ञांच्या एका बैठकीत तसं ठासून सांगितलंही.

ती तुलना चुकीची होती. आकडे मी खोटे लिहिले नव्हते, पण ते चुकीच्या वेळी, चुकीचा प्रश्न विचारून गोळा केले होते. शिवाय प्रत्येक पद्धतीत मी स्वतः काय घोळ घातले, त्यासाठी वहीत रकानाच नव्हता. तो रकाना आता भरते आहे.

खुबा बदलताना मांडीच्या हाडाचा झिजलेला गोळा कापून काढतात, कमरेच्या हाडातली वाटी खरवडतात आणि मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची दांडी ठोकून बसवतात. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२च्या सुमारास आजच्या पद्धतीचा पाया घातला. आपल्याकडे हे ऑपरेशन बहुधा पाठीत सुई देऊन, म्हणजे स्पायनलखाली होतं. बुपिव्हॅकेनच्या एका इंजेक्शनने दोन-तीन तास कंबरेखाली काही कळत नाही. ठोकाठोकी ऐकू येते, दुखत मात्र नाही. पेशंट हसतमुख बाहेर येतो, नातेवाईक आपल्याला नमस्कार करतात, आणि आपण बॅग उचलून पुढच्या केसला जातो.

माझी पहिली चूक या बॅग उचलण्यात होती. ऑगस्ट १८९८मध्ये जर्मनीतल्या कील इथं ऑगस्ट बिअर आणि त्यांचा सहायक हिल्डेब्रांट यांनी स्पायनलचा प्रयोग एकमेकांवर केला. हिल्डेब्रांटच्या पायाची संवेदना गेल्याची खात्री करायला बिअरनी त्याच्या नडगीवर हातोडीने ठोके मारले. त्याला काही कळलं नाही. नंतर औषध उतरलं, आणि डोकेदुखी, उलट्या, ठोके खाल्लेल्या नडग्या, सगळं त्याच्या वाट्याला आलं. स्पायनल उतरल्यावर काय होतं, हे इतक्या आधीपासून नोंदलेलं असूनही मी वर्षानुवर्षं केसपेपरवर एकच ओळ लिहून निघत असे: 'इंजेक्शन डायक्लोफेनॅक, एसओएस'. लागलं तर द्या.

लागलं तर म्हणजे काय होतं, ते माझी आई एका ऑपरेशननंतर वॉर्डात पडली तेव्हा मी पाहिलं. आधी पेशंट सोसतो. मग नातेवाईक सिस्टरला शोधतात. सिस्टर एकटी, तिच्याकडे सगळा मजला. ती ड्यूटी डॉक्टरला विचारते, तो दुसऱ्या मजल्यावर असतो. इंजेक्शन मिळून ते लागू पडेपर्यंत तास-दीड तास सहज जातो. तोवर स्पायनल पूर्ण उतरलेलं असतं आणि दुखणं इतकं चढलेलं असतं, की एका इंजेक्शनला ते दाद देत नाही. त्यातही डायक्लोफेनॅक मी डोळे मिटून लिहीत होते. सत्तरीच्या माणसाचं ऑपरेशनमध्ये रक्त गेलेलं, पाणी कमी पडलेलं, मूत्रपिंडं आधीच थकलेली. अशा वेळी ते औषध द्यायचं की नाही, हा निर्णय मी 'लागलं तर' या शब्दांवर आणि रात्रीच्या सिस्टरवर सोडून देत होते. लघवी कमी झालेल्या एका आजोबांचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिल्यावर ते थांबलं.

डेन्मार्कचे हेन्रिक केह्लेट १९९३पासून सांगत आले, की वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं थोड्या थोड्या मात्रेत एकत्र, ठरलेल्या वेळी द्या. मी तो लेख परीक्षेसाठी पाठ केला होता. वॉर्डात मात्र साधं पॅरासिटॅमॉल सहा-सहा तासांनी घड्याळ लावून द्यायची ऑर्डर लिहायला मला बरीच वर्षं लागली. त्यात कसलीच कारागिरी नव्हती, आणि मला कारागिरी दाखवायची होती.

कारागिरी म्हणजे एपिड्युरल. पाठीत बारीक नळी ठेवायची आणि तिच्यातून दोन दिवस पातळ केलेलं औषध सोडत राहायचं. माझ्या वहीत एपिड्युरलवाल्यांचे आकडे शून्य, एक, शून्य असे असत. त्यांना दुखत नव्हतं, हे खरंच. पण त्यांचे पाय जड होते, ब्लडप्रेशर खाली होतं आणि लघवीला नळी होती. फिजिओथेरपिस्ट सकाळी येऊन 'आज नको, बीपी लो आहे' म्हणून परत जायचा. पेशंटला दुसऱ्या दिवशी उभं करायचं म्हणून सांधा बदलायचा, आणि मी त्याला पलंगाला खिळवून वहीत शून्य लिहायची.

त्या नळीने मला खरा घाम फोडला तो रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनामुळे. खुब्याच्या ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून एनॉक्सापॅरिन देतात. ते अंगात असताना पाठीतली नळी घातली किंवा काढली, तर मणक्याच्या आत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो आणि पाय कायमचे जाऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने १९९७मध्येच याबद्दल इशारा दिला होता. प्रतिबंधक डोसनंतर बारा तास नळी काढायची नाही आणि नळी काढल्यावर चार तास पुढचा डोस द्यायचा नाही, हा नियम मला पाठ होता. मी तो कुठेही लिहिला नव्हता. एका सकाळी सर्जनच्या ऑर्डरप्रमाणे सिस्टरने एनॉक्सापॅरिन दिलं आणि थोड्या वेळाने, पेशंटला हलवायला सोपं जावं म्हणून, नळीही काढून टाकली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. नळी कुणी आणि कधी काढायची, हे तिला सांगणारा कागदच नव्हता. तो दिवस आणि ती रात्र मी दर तासाला पेशंटला पायाची बोटं हलवायला सांगत बसले. बोटं हलत राहिली. वहीत त्या पेशंटपुढे 'शून्य' आहे.

मग एपिड्युरल सोडून मी फिमोरल ब्लॉककडे वळले. जांघेतल्या एका नसेजवळ औषध सोडलं की मांडीचा पुढचा भाग शांत. पाठीला हात नाही, बीपी उतरणं नाही, एनॉक्सापॅरिनची धास्ती नाही. पण ही नस संवेदनेसोबत गुडघा ताठ ठेवणाऱ्या स्नायूलाही जोर पुरवते. हे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचं शरीरशास्त्र. साठीच्या एक शिक्षिका, ऑपरेशन छान झालेलं, दुखणं जवळपास नाही, म्हणून पहाटे कुणाला न उठवता बाथरूमला निघाल्या. दुखत नसल्यामुळेच त्यांना वाटलं, आपण चालू शकतो. गुडघा वाकला आणि त्या पडल्या. नवा खुबा वाचला, मनगट मोडलं. मी त्यांना आणि त्यांच्या यजमानांना 'उद्या सकाळपर्यंत पायात जोर नसेल, एकट्यानं उठायचं नाही' हे एक वाक्य सांगितलं असतं तर ते टळलं असतं. मी सांगितलं होतं ते असं: 'आता अजिबात दुखणार नाही.'

मॉर्फिनची चूक याहून मोठी. स्पायनलच्या औषधात अगदी थोडं मॉर्फिन मिसळलं, तर एकाच सुईत अठरा ते चोवीस तासांचा आराम मिळतो. १९७९मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कॅन्सरच्या पेशंटवर हे दाखवून दिलं. आपल्याकडे मॉर्फिन मिळवणं हीच मोठी गोष्ट. १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवाने, नोंदवह्या, तपासण्या यांच्या भानगडीत बहुतेक छोटी हॉस्पिटलं पडतच नाहीत. २०१४मध्ये कायदा सैल झाला, तरी लहान गावात ते औषध आजही सहज हाती लागत नाही. त्यामुळे एका हॉस्पिटलात मला ते मिळू लागलं, तेव्हा मी हरखून गेले. पुरेशी मात्रा ०.१ मिलिग्रॅम. मी ०.३ देत होते. मनात हिशोब असा, की तिप्पट औषधाने तिप्पट नाही तरी थोडा जास्त आराम मिळेल. आराम फारसा वाढत नाही. खाज, मळमळ आणि लघवी अडणं वाढतं, आणि श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, तोही उशिरा, कित्येक तासांनी.

दुपारी ऑपरेशन झालेल्या एका सत्तरीच्या बाईंना रात्री नाकाला, तोंडाला खाज सुटली. ड्यूटी डॉक्टरने एव्हिल दिलं, जसं कुठल्याही खाजेला देतात. मॉर्फिनची ही खाज वेगळ्या वाटेने येते. एव्हिलने ती फारशी जात नाही, झोप मात्र गाढ होते. त्यात झोप येत नाही म्हणून त्यांची रोजची गोळीही दिली गेली होती. आत मॉर्फिन आहे, वरून झोपेचं काही द्यायचं नाही, हे मी केसपेपरवर ठळक लिहिलं नव्हतं. पहाटे तीनला सिस्टरचा फोन आला, 'मॅडम, आजी उठत नाहीत, श्वास मोजला तर मिनिटाला सात भरतोय.' ऑक्सिजन लावा, हाका मारत राहा, श्वास घ्यायला सांगा, अँबू बॅग उशाशी ठेवा, असं सांगत मी गाडी काढली. मॉर्फिनचा उतारा नॅलोक्सोन. तो त्या हॉस्पिटलात नव्हता, माझ्या बॅगेत होता आणि बॅग माझ्या घरी होती. आजी वाचल्या. त्यांना माझ्या औषधाने वाचवलं नाही, झोपलेल्या पेशंटचे श्वास मोजणाऱ्या सिस्टरने वाचवलं. ते मोजायला मी तिला सांगितलंही नव्हतं.

वहीतल्या प्रश्नाकडे येते. खुबा बदललेला माणूस उताणा पडून असला, की त्याला तुलनेनं कमी दुखतं. कुशीवर वळताना, उठून बसताना, पहिलं पाऊल टाकताना कळ येते. मी मात्र सकाळचं इंजेक्शन नुकतंच झालेलं असताना, उताण्या पेशंटला आकडा विचारत होते. त्यातून एकमेकींपेक्षा फार वेगळ्या पद्धतीही सारख्याच चांगल्या दिसत. यवतमाळकडच्या एक शेतकरी आजी होत्या. मी विचारलं, 'किती दुखतंय?' म्हणाल्या, 'काई नाई जी, बरं हाये.' मी शून्य लिहिलं. दारात सून म्हणाली, 'मॅडम, रातभर कन्हत होत्या.' परत जाऊन विचारलं, मघाशी का नाही सांगितलं? 'तुमाले कायले तरास द्याचा?' शाळेत न गेलेल्या माणसाला शून्य ते दहाची पट्टी कळत नाही, आणि कळली तरी डॉक्टरपुढे तक्रार करणं त्याला उद्धटपणा वाटतो. हल्ली मी जुन्या माणसांना आण्यांत विचारते: 'काल रात्रीचं दुखणं रुपया धरलं, तर आता उठून बसताना किती आणे?' चार आणे, बारा आणे, असं झटकन उत्तर येतं. पण हे विचारायला आधी त्यांना उठवून बसवावं लागतं.

पुढे सोनोग्राफी आली. फॅशिया इलियाका ब्लॉक १९८९मध्ये फ्रान्सच्या दालां यांनी लहान मुलांसाठी सांगितला होता. सोनोग्राफीमुळे तो जांघेच्या वरून नेमका देता येऊ लागला. २०१८मध्ये टोरँटोच्या डॉक्टरांनी 'पेंग' ब्लॉक आणला: खुब्याच्या समोरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक नसाच तेवढ्या सुन्न करायच्या, मांडीचा जोर शाबूत ठेवायचा. पहिला लेख खुबा मोडलेल्या पाच पेशंटचा होता. आमच्याकडे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन बॅगेत टाकून गावोगाव नेता येत नाही. ज्या हॉस्पिटलात नोंदलेलं मशीन आहे, तिथेच ब्लॉक करायचा. तरी मी हा ब्लॉक शिकले आणि पुन्हा हुरळले. इतकी की पेंग दिला म्हणून पॅरासिटॅमॉल बंद करून टाकलं. आमच्या भागातले बरेचसे सर्जन मागून खुबा उघडतात. कातडीची जखम बाजूला आणि मागे, सांध्याच्या मागच्या आवरणाच्या नसा वेगळ्या. पेंग तिथे पोचत नाही. पेशंट म्हणायचे, 'आत दुखत नाही, पण जखम जळते.' चूक ब्लॉकची नव्हती. त्याच्याकडून त्याचं नसलेलं काम मी मागत होते. औषध जास्त भरलं तर ते पसरून मांडीचा जोरही जातो, हेही मी एका पेशंटच्या लटपटत्या गुडघ्यावरून शिकले.

सर्जनने सांध्याभोवती थेट भूल भरण्याची पद्धत सिडनीच्या केर आणि कोहान यांनी २००८मध्ये गाजवली. ती सोपी आहे, मशीन लागत नाही. फक्त सर्जनने भरलेलं औषध आणि मी ब्लॉकमध्ये दिलेलं औषध एकाच रक्तात जातं. बुपिव्हॅकेन किलोमागे दोन मिलिग्रॅम धरलं, तर पंचेचाळीस किलोच्या माणसाला सगळं मिळून नव्वद मिलिग्रॅम. आम्ही दोघांनी आपापला हिशोब बरोबर केला होता, बेरीज कुणीच केली नव्हती. पेशंट म्हणाला, कानात घुंई-घुंई होतंय, तोंडात लोखंडासारखं लागतंय. तेवढ्यावर निभावलं. आता सर्जनचा आकडा विचारल्याशिवाय मी ब्लॉकची सिरिंज भरत नाही, आणि वीस टक्क्यांचं लिपिड इमल्शन, या विषबाधेवरचा उतारा, हाताशी असल्याखेरीज ब्लॉक करत नाही.

सगळ्यात जास्त लाज मला गोंदियाकडच्या एका तरुणाची वाटते. सिकलसेलमुळे विशीतच त्याच्या खुब्याचा गोळा सुकलेला. पूर्व विदर्भात असे तरुण पेशंट आम्हाला नेहमी दिसतात. ऑपरेशननंतर रात्री तो इंजेक्शन मागत राहिला. वॉर्डातून फोनवर सांगण्यात आलं, 'याला ट्रॅमाडॉलची सवय आहे, नाटक करतोय.' मी ब्लॉक उत्तम दिला होता, त्यामुळे मला ते पटलं. सकाळी जाऊन विचारलं तर दुखणं खुब्यात नव्हतंच. पाठ आणि छाती दुखत होती. तो सिकलसेलचा झटका होता आणि त्याला रात्रीच शिरेतून पाणी, ऊब, ऑक्सिजनवर नजर आणि जोरकस वेदनाशामक हवं होतं. वर्षानुवर्षं ट्रॅमाडॉल घेतलेल्या शरीराला इतरांपेक्षा जास्त औषध लागणार, हेही मी आधी धरायला हवं होतं. छातीत गुंतागुंत वाढायच्या आत फिजिशियननी त्याला सावरलं. निघताना त्यानं माझे आभार मानले. त्यानंतर मी वहीत लिहिणं बंद केलं.

मग कोणती पद्धत सर्वांत चांगली? २०२१मध्ये 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाने उपलब्ध अभ्यास चाळून खुबा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी सल्ला दिला. मुळाशी पॅरासिटॅमॉल आणि डायक्लोफेनॅकसारखं सूज उतरवणारं औषध ठरल्या वेळी, ऑपरेशनदरम्यान डेक्सामेथासोनचा एक डोस, जोडीला फॅशिया इलियाका ब्लॉक किंवा सांध्याभोवती भरलेली भूल. स्पायनलमधलं ०.१ मिलिग्रॅम मॉर्फिन विचारात घेता येईल. एपिड्युरल आणि फिमोरल ब्लॉकचा सल्ला त्यांनी दिला नाही, कारण फायद्याच्या मानाने त्रास जास्त. म्हणजे माझ्या वहीतला पहिला नंबर त्यांच्या यादीत बाद आहे आणि मी जे कारागिरी नाही म्हणून टाळत होते, ते सगळ्यात वर आहे.

माझा स्वतःचा निकालही आता त्याच बाजूचा आहे, एक भर घालून: पद्धत हॉस्पिटलच्या रात्रीकडे पाहून निवडावी. जिथे रात्री दर तासाला श्वास मोजणारं कुणी नाही, तिथे मी मॉर्फिन देत नाही, पेशंटला थोडं जास्त दुखलं तरी. मूत्रपिंडं कमजोर असतील तर सूज उतरवणारं औषध गाळते. मधुमेह असेल तर डेक्सामेथासोननंतर साखर तपासायला लावते. 'एसओएस' लिहिते, पण ते ठरलेल्या औषधांच्या खाली, आणि त्याच कागदावर माझा मोबाइल नंबर असतो.

तुमच्या घरी कुणाचा खुबा बदलायचा असेल, तर सांधा कोणत्या कंपनीचा हे विचारण्यात जितका वेळ घालवता, त्यातली दहा मिनिटं भूलतज्ज्ञासाठी ठेवा. आदल्या दिवशी भेट मागा. विचारा: स्पायनल उतरल्यावर काय देणार? ते ठरल्या वेळी मिळेल की मागितल्यावर? पायात जोर कधी येईल आणि पहिल्यांदा उठवायला कोण असेल? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? रक्त पातळ करणारी गोळी, झोपेची गोळी, मूत्रपिंडाचा त्रास, रोज घेतलेलं कुठलंही वेदनाशामक, काहीही लपवू नका. आणि दुखत असेल तर सांगा. सोसल्याने खुबा लवकर बरा होत नाही. दुखणारा माणूस हलत नाही, आणि न हललेल्या पायात गुठळी व्हायचा धोका वाढतो.